अकरा ते एक

१

जयमाला बावन्नाव्या वर्षी व्हिडिओ गेम खेळायला लागली तेव्हा घरादाराने त्याचा विनोद केला. नवऱ्याने, विलासने, ऑफिसात सांगितलं. मुलाने, निशांतने, बेंगळुरूहून मित्रांना तिचा फोटो पाठवला: सोफ्यावर मांडी, नाकावर चष्मा, हातात कंट्रोलर. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी हसरे चेहरे टाकले. तिने भरतकाम काढलं असतं, नाहीतर बागेतल्या हास्यक्लबात जाऊन हात वर करून उगाचच हसली असती, तर कोणाच्याही पोटात दुखलं नसतं. पण बाईने या वयात टीव्हीसमोर बसून तलवार चालवायची म्हणजे काय!

कन्सोल निशांतचा. नोकरीला जाताना तो खारघरच्या घरीच ठेवून गेला, आणि धूळ पुसायचं काम अर्थातच जयमालाकडे आलं. पुसता पुसता एकदा बटण दाबलं गेलं. पहिले दोन दिवस तिची पडद्यावरची बाई नुसती आभाळाकडे बघत चालत होती, कारण डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान फिरवायची हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाई दरीत पडली. चौथ्या दिवशी सतरा वेळा पडली. मग अंगठे वळायला लागले आणि बाई डोंगर चढायला लागली. बर्फाचा डोंगर, पाठीला धनुष्य, आणि प्रत्येक वळणावर कोणीतरी वाट अडवून उभा. वाट अडवणाऱ्याला मारायचं आणि पुढे जायचं, एवढाच तो गेम. जयमालाच्या पोटात तीस वर्षांचा राग साठला होता आणि तो कुठे वापरायला मिळेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

विलास साडेआठला घर सोडायचा. कामवाली शर्मिला पावणेअकराला जायची. अकरा ते एक हे दोन तास जयमालाचे. उरलेले बावीस कोणीही घ्यावेत, तिची हरकत नव्हती.

त्या मंगळवारी ती अशीच एका कड्याखाली उभी होती. पडद्यावर वाऱ्याचा आवाज. समोर काचेच्या टीपॉयवर निशांतचा दुसरा, जुना कंट्रोलर पडलेला होता. तो काचेवर थरथरला. खर्र, खर्र. मग जरा थांबून, खर्र.

तिने मान वळवून पाहिलं. त्याचा दिवा बंद होता. जोडलेलाही नव्हता तो.

पुन्हा. दोन, आणि जरा थांबून एक.

"आले, आले," जयमाला म्हणाली आणि हातातला कंट्रोलर ठेवून उठली. आतल्या खोलीच्या दारापर्यंत पोचल्यावर तिच्या लक्षात आलं की आत आता कोणी नाही. सात महिने झाले, कोणी नाही. तिच्या मागे टीव्हीवर बाई कड्यावरून खाली पडल्याचा आवाज आला. जयमाला दाराशी तशीच उभी राहिली, आणि तिला आधी भीती वाटली नाही. आधी संताप आला.

२

त्या खोलीत तिची सासू, सुमित्राबाई, सहा वर्षं झोपून होत्या. उजवं अंग गेलेलं, वाचाही गेलेली. डावा हात तेवढा चालायचा. तेव्हा विलासने एक युक्ती काढली, आणि ती त्याला इतकी आवडली की आल्यागेल्याला दाखवायचा. स्टीलची वाटी आणि चमचा. काही हवं असलं की आईने वाटी वाजवायची: दोनदा, आणि जरा थांबून एकदा. म्हणजे भांड्याच्या आवाजात आणि आईच्या हाकेत घोटाळा नको.

घोटाळा कधीच झाला नाही. पाणी हवं, वाटी. पंखा कमी, वाटी. उशी वर, वाटी. उशी खाली, वाटी. काही नको, पण कोणीतरी दारात दिसावं, तरी वाटी. वाटी वाजली की उठायचं ते जयमालाने. विलास घरात असला तरी जयमालाने. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "जया, आई वाजवतेय." जणू तिला ऐकू येत नव्हतं. तिला तर झोपेतही ऐकू यायचं.

सुमित्राबाई काही वाईट बाई नव्हत्या, आणि त्यामुळे फार पंचाईत व्हायची. वाईट असत्या तर मोकळेपणाने चिडता आलं असतं. पाण्याचा घोट घेतला की त्या डाव्या हाताने जयमालाचा गाल चाचपायच्या. त्या ओल्या, थंड बोटांचाही तिला राग यायचा, आणि असा राग येतो याचा मग आणखी राग यायचा.

फेब्रुवारीत, दुपारी बाराच्या सुमाराला त्या गेल्या. "झोपेतच गेल्या हो," जयमालाने सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांनी हृदय लिहिलं. नातेवाईक जयमालाचे हात हातात घेऊन म्हणाले, अशी सून मिळायला भाग्य लागतं.

विलासच्या घरची एक रीत होती. माणूस जिथे गेलं त्या जागी पहिल्या रात्री परातीत तांदळाचं पीठ पसरून ठेवायचं, शेजारी दिवा, वर टोपली. सकाळी सगळ्यांसमोर टोपली उचलायची आणि पिठावर कोणाचं पाऊल उमटलंय ते बघायचं. गाईचं, पाखराचं, मुंगीचं. त्यावरून गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे. जयमालाचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण उजाडता उजाडता, चहाचं आधण ठेवायच्या आधी, ती एकटी त्या खोलीत गेली आणि तिने टोपली जराशी उचलून पाहिली.

पिठात तीन गोल उमटले होते. वाटीच्या बुडाएवढे. दोन शेजारी शेजारी आणि एक जरा दूर.

दहनाहून आल्यापासून कोणी ना कोणी या घरात भांडी हलवत होतं, कोणीतरी वाटी टेकवली असेल परातीत, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि सांगता सांगताच तिच्या हाताने पीठ सारखं केलं. मग केसातली पिन काढून तिने त्या गुळगुळीत पिठावर बारीक बारीक पावलं काढली, पुढे तीन रेघा, मागे एक. आठ वाजता टोपली उचलली तेव्हा सुमित्राबाईंची धाकटी बहीण, विजयमालामावशी, काठीवर ओणवी होऊन बघत म्हणाली, "चिमणी! सुटली गं माझी सुमित्रा." सगळ्यांनी डोळे पुसले. विलास तर हमसून रडला.

जयमाला चहा टाकायला गेली. रात्रभरात पहिल्यांदाच तिला भूक लागली होती.

३

मंगळवारच्या त्या प्रकारानंतर तिने आधी डोकं चालवलं. तिला डोकं होतं, फक्त घरात कोणी विचारत नसे. तिने निशांतला फोन लावला.

"आई, तो जुना आहे गं. आत काहीतरी शॉर्ट होत असेल. बाजूच्या श्रुतीला दाखव ना, ती पण खेळते."

श्रुती शेजारच्या फ्लॅटमध्ये घरून काम करायची. दुपारी तिने कंट्रोलर उघडून परत आणला आणि टिश्यूत गुंडाळलेली बॅटरी वेगळी हातावर ठेवली. "काकू, बॅटरी बघा कशी फुगलीय. हा पूर्ण डेड आहे. हा व्हायब्रेट होणं शक्यच नाहीये. तुमचा फोन असेल."

"फोन बेडरूममध्ये होता."

"मग खालून मेट्रो गेली असेल," श्रुती म्हणाली. पोरगी समजूतदार होती. जयमालाला ते पटलं, कारण पटवून घ्यायचं होतं. जुना कंट्रोलर तिने श्रुतीलाच देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी अकराला ती खेळायला बसली. अकरा वाजून काही मिनिटांनी तिच्या हातातला कंट्रोलर तिच्या तळव्यात थरथरला. दोनदा. थांबून एकदा.

पडद्यावर काहीच घडत नव्हतं. बाई शेकोटीपाशी बसली होती. जयमालाने सेटिंग उघडलं, चष्मा वर करून एकेक ओळ वाचली, आणि जिथे व्हायब्रेशन लिहिलं होतं तिथे बंद केलं. दोनदा बघितलं. बंद.

खर्र, खर्र. खर्र.

तिला आठवलं, म्हातारी वाटी धरायची ती छातीवर टेकवून, आणि चमच्याचा तिसरा ठोका नेहमी जरा हलका पडायचा. हाताला तेवढी ताकद राहायची नाही. तळव्यातला तिसरा थरकाप तसाच हलका होता. आता मात्र ती घाबरली. पण उठली नाही. दात आवळून म्हणाली, "वाजवा. वाजवा किती वाजवायचं ते. मी नाही उठणार." आणि ती एक वाजेपर्यंत खेळली. दोन तास तळव्यात ठोके पडत होते आणि ती डोंगर चढत होती. एक वाजता ठोके थांबले. बोटं इतकी आखडली होती की कुकरची शिट्टी तिला दोन हातांनी बसवावी लागली.

गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी तेच. तिने कोणाला सांगितलं नाही. काय सांगणार? सांगायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न होता.

४

रविवारी पोहे खाता खाता विलास म्हणाला, "विजूमावशीला गुरुवारी आणतोय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? इथे. आईच्या खोलीत. खुब्याचं हाड मोडलंय, आता ती उठून चालेल असं डॉक्टरांना वाटत नाही. तिचं आहे कोण आपल्याशिवाय?"

जयमालाने चमचा खाली ठेवला. "तुम्ही मला विचारलं नाहीत."

"त्यात विचारायचं काय? तू घरीच असतेस. आणि तुला सवय आहे."

"सवय आहे म्हणून? अहो, सहा वर्षं केलं मी. सहा वर्षांत एक लग्न नीट जेवले नाही, एकदा माहेरी राहिले नाही. मला फक्त अकरा ते एक हवेत. तेवढे दोन तास मी कोणाला देणार नाही. बाई ठेवा, नर्स ठेवा, काय वाटेल ते करा."

"अगं, गेमच खेळतेस ना तू?" विलासला खरंच कळत नव्हतं, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. "मध्ये एखाद वेळी उठायचं. पॉझ करायचं आणि उठायचं. त्यात काय एवढं टेन्शन?"

"तो गेम पॉझ होत नाही."

विलास हसला. मग तिचा चेहरा बघून त्याने हसू आवरलं आणि पुढे वाकून अगदी मायेने म्हणाला, "जया, परक्या बाईच्या हातात मावशीला कशी देऊ? तू आईचं जे केलंस ना, सगळ्या नात्यात तुझं नाव आहे. अगदी शेवटच्या क्षणापर्यंत तू तिच्या उशाशी होतीस. मावशी स्वतः म्हणाली, मला जयमालाकडेच ने."

एक वाक्य होतं तिच्याकडे. ते बोलली असती तर मावशीला या घराच्या दारातही कोणी आणलं नसतं. ते वाक्य तिने पोह्यांबरोबर गिळलं. ती स्वतःवर इतकी चिडली की बशी सिंकमध्ये टाकताना फुटली.

मंगळवारी पलंग आला, डोक्याकडून वर उचलता येणारा. शर्मिलाने त्यावर रबरी कापड घालून चादर अंथरली. पलंगाची जागा तीच, डोकं त्याच भिंतीकडे, कारण त्या खोलीत दुसरीकडे तो मावतच नव्हता. संध्याकाळी जयमाला आत डोकावली तेव्हा उशाच्या स्टुलावर स्टीलची वाटी होती आणि वाटीत चमचा.

"माळ्यावरून काढून ठेवलीय," विलास मागून कौतुकाने म्हणाला. "मावशीला उपयोगी पडेल."

५

बुधवारी पावणेअकराला शर्मिला गेली, आणि पाठोपाठ बेल वाजली. दारात चंद्राबाई. दिवाळे गावची ही कोळीण गेली दहा वर्षं त्यांच्या मजल्यावर मासळी घेऊन यायची. मधले सात-आठ महिने तिचा पत्ता नव्हता. ती उरणला लेकीकडे गेली होती, लेकीचं बाळंतपण अवघड झालं होतं. आता पाटी उंबऱ्याशी टेकवून ती ऐसपैस बसली आणि नातवाचं कौतुक सांगायला लागली. जयमालालाही बरं वाटलं. मागे हॉलमध्ये गेम सुरू करून ठेवलेला होता, बाई शेकोटीपाशी बसली होती, अकराला अजून पाच मिनिटं होती.

"बोंबील घे वयनी, आजचं हायत. बघ कशे चमकतान."

जयमाला बोंबील बोटाने दाबून बघत होती. तेवढ्यात आतून आवाज आला. कंट्रोलरचा नाही. स्टीलचा, स्वच्छ. टण्, टण्. आणि जरा थांबून, हलकासा, टण्.

जयमालाचं बोट बोंबलावर तसंच राहिलं. हे आपल्यालाच ऐकू येतंय, ती मनात म्हणाली. डोकं थकलंय. झोप नाही. उद्या मावशी येणार त्याचा ताण आहे. सगळं बरोबर होतं.

चंद्राबाईने पाटीतले बोंबील सारखे केले आणि मान वर न करता म्हणाली, "जा वयनी, म्हातारी वाटी वाजवते नं. पानी मागत आसल. मी हाय हितंच."

लिफ्ट वर आली, तिचं दार उघडलं, मिटलं.

"जा गो. कदीपासून वाजवते बिचारी."

"चंद्राबाई," जयमाला म्हणाली, "त्या गेल्या. फेब्रुवारीत."

चंद्राबाईने तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून मागे, हॉलच्या पलीकडे, आतल्या खोलीच्या अर्ध्या उघड्या दाराकडे पाहिलं. आतून पुन्हा दोन ठोके आले. मग एक.

"मंग वाजवतं कोन?"

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. बोंबलांवर ओलं फडकं टाकलं, पाटी डोक्यावर घेतली आणि ती सहा मजले जिन्याने उतरून गेली. खाली जाईपर्यंत तिच्या बांगड्यांचा आवाज येत राहिला.

६

जयमालाने दार लावलं. आता स्वतःला समजावण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या माणसाने ऐकलं होतं, आणि गंमत म्हणजे त्याने तिला जरा धीरच आला. वेड लागलेलं नव्हतं. होतं ते तिथे आत होतं, तिच्या हक्काच्या वेळेत, सात महिन्यांनंतरही तिला उठवत होतं. मग एकदाचं समोरासमोर होऊन जाऊ दे.

ती तरातरा आत गेली. खोली रिकामी. नवा पलंग, ताणून अंथरलेली चादर, रबराचा वास. स्टुलावर वाटी, वाटीत चमचा, दोन्ही स्थिर. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा तांब्या, त्यावर पेला उपडा. उद्याची सगळी तयारी शर्मिलाने आजच करून ठेवली होती.

"काय हवंय?" जयमाला ओरडली. "आता काय हवंय तुम्हाला? सहा वर्षं पुरली नाहीत?"

खोली गप्प. त्या गप्प बसण्याने ती आणखी भडकली.

"ऐकू आलं होतं मला! तेच हवंय ना ऐकायला? त्या दिवशी तुम्ही वाजवत होतात ते मला ऐकू आलं होतं. पहिल्या ठोक्यापासून."

सात महिन्यांत पहिल्यांदा ते वाक्य हवेत आलं, आणि मग बाकीचं आपोआप आलं. त्या दिवशी ती पुलावर होती. डोंगरातल्या पुलावर एक राखणदार होता, लोखंडी गदा घेतलेला, आणि तीन आठवडे तो तिला पुढे जाऊ देत नव्हता. त्या दिवशी तो पहिल्यांदाच हरत आला होता. तेव्हा वाटी वाजली. "दोन मिनिटं हं, आई," ती म्हणाली होती. पुन्हा वाजली. पुन्हा. राखणदाराने तिला मारलं, तिने परत सुरुवात केली. वाटी वाजतच होती. तिने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज चौदावरून तीसवर नेला. राखणदार मेला तेव्हा ती सोफ्यावर उभी राहून ओरडली होती, आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी. मग घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं झाली होती.

सुमित्राबाईंचा डावा हात पलंगाबाहेर खिडकीच्या दिशेने ताणलेला होता. चमचा खाली पडला होता. पाण्याचा तांब्या कट्ट्यावर होता, हातभर लांब, कारण जवळ ठेवला की त्या सांडतात म्हणून जयमालानेच तो तिथे सरकवला होता. तिने तो हात उचलून पांघरुणात घातला. चमचा धुतला. आणि मग हाका मारायला सुरुवात केली.

"झोपेत नाही गेलात तुम्ही," ती भिंतीला म्हणाली. "आणि चिमणी-बिमणी कोणी झालेलं नाही. ती पावलं मी काढली. माझ्या पिनेने. कारण मला एक दिवस, एकच दिवस, कोणाचंही ऐकायचं नव्हतं!"

ती धापा टाकत पलंगाच्या कडेवर बसली. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. एवढं सोपं होतं? संध्याकाळी विलासला असंच सांगायचं. एका वाक्यात. तो काय म्हणेल, नात्यात काय होईल, होऊ दे. मावशीला तो या घरात आणणार नाही, एवढं नक्की. तिला हसूच आलं. रडूही आलं. दोन मिनिटं पडावं म्हणून तिने पाठ टेकली.

छताचा पंखा संथ फिरत होता. घसा कोरडा पडला होता, इतकं ओरडायची सवय नव्हती. पाणी प्यावं आणि खेळायला बसावं, अकरा वाजून गेले असतील. ती उठायला गेली.

उजवा पाय आला नाही.

मुंग्या आल्या असतील, ती म्हणाली. आडवी-तिडवी बसले. तिने उजवा हात टेकायचा प्रयत्न केला, आणि तो चादरीवर जिथे होता तिथेच राहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. सायटिका. मान आखडली. रक्तदाब. एकेक नाव तिने घेऊन पाहिलं. फोन हॉलमध्ये होता. श्रुती भिंतीपलीकडेच आहे, हाक मारू, म्हणून तिने तोंड उघडलं, आणि तोंडातून नुसती ओली हवा बाहेर पडली.

हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बदलला.

शेकोटीचं संथ संगीत थांबलं आणि ढोल सुरू झाले. जयमालाला ते ढोल पाठ होते. बाई पुलावर पाऊल टाकते तेव्हाच ते वाजतात. पण पूल तर कधीच मागे पडला होता, राखणदार फेब्रुवारीतच मेला होता, आणि घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं.

पलंगावरून दाराच्या फटीतून हॉलचा एवढासा तुकडा दिसत होता. सोफ्याची पाठ. तिच्यावर एका बाईचं डोकं, केस वर बांधून क्लचरमध्ये अडकवलेले. क्लचरचा एक दात मोडका, जयमालाच्या क्लचरसारखाच. बाईचे खांदे पुढे झुकलेले, अंगठे भराभर हलत असावेत, कारण कोपरं उडत होती. जयमालाचा डावा हात आपसूक स्वतःच्या मानेकडे गेला. केस मोकळे होते.

तिने तांब्याकडे हात लांब केला. बोटं हातभर अलीकडे थांबली. मग तो हात स्टुलाकडे वळला. वाटी तिने छातीवर टेकवली, कारण दुसरं कुठे टेकवणार. चमचा उचलला.

दोनदा. जरा थांबून एकदा. तिसरा ठोका हलका पडला.

सोफ्यावरचं डोकं किंचित वळलं. चेहरा दिसण्याइतकं नाही, कानशिलाएवढंच. आणि त्या कानशिलावरची शीर जयमालाला दिसली, रागाने तटतटलेली.

"दोन मिनिटं हं, आई," बाई म्हणाली.

जयमालाने पुन्हा वाजवलं. बाईने हात लांब करून रिमोट घेतला. ढोल मोठे झाले, आणखी मोठे झाले, आणि वाटीचा आवाज तिचा तिलाच येईनासा झाला. तरी ती वाजवत राहिली. बाई येणार होती. जयमालाला ते पक्कं माहीत होतं, आणि किती वेळाने येणार तेही.